नकाशातल्या गडद काउंट्या : नॉर्थ कॅरोलायनातले पाच दिवस

लेकीकडे अमेरिकेत केरीला येऊन तीन आठवडे झाले होते. मॉल बघून झाले, देऊळ बघून झालं, मराठी मंडळाची पिकनिकही झाली. एका संध्याकाळी तिने ऑफिसातून येताना एक कागद छापून आणला आणि माझ्यापुढे टाकला. "घे, तुझं खाद्य."

नॉर्थ कॅरोलायनाचा नकाशा होता. शंभर काउंट्या, आणि प्रत्येकीत "आमचं मूळ स्कॉटिश" असं सांगणारे शेकडा किती, त्याप्रमाणे फिकट ते गडद जांभळा रंग भरलेला. एकतीस वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला, पाऊसमानाचे आणि ज्वारी-बाजरीचे असे नकाशे मुलांकडून शेकड्यांनी रंगवून घेतले. माणसांच्या पणजोबांचा नकाशा पहिल्यांदाच बघत होते. हे राज्य महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, त्यात काउंट्या शंभर. म्हणजे काउंटी आपल्या तालुक्याएवढी धरा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस का पडतो ते सांगता येतं, पण मूर काउंटी एवढी गडद का आणि तिच्यापलीकडची रोबेसन एवढी फिकट का?

"जाऊन बघू या," लेक म्हणाली. तिला पाच दिवसांची रजा होती, जुलैचा दुसरा आठवडा होता, आणि त्याच आठवड्यात डोंगरात स्कॉटिश लोकांची मोठी जत्रा भरते. जावयाने घर आणि नात दोन्ही सांभाळायचं कबूल केलं.

सोमवार : कंबरलँड आणि हार्नेट

केरीहून दक्षिणेला तासाभरावर फेएटव्हिल. कंबरलँड काउंटीचं हे मुख्य गाव, शेजारी लष्कराचा प्रचंड तळ, त्यामुळे गावात केस बारीक कापलेली तरुण पोरं फार. स्कॉटलंडच्या हायलंड भागातले, म्हणजे डोंगराळ उत्तर-पश्चिमेचे लोक केप फिअर नदीच्या काठाकाठाने वर सरकत इथे आले. १७३९ मध्ये आर्गाइलहून साडेतीनशेच्या आसपास माणसं उतरली. तेव्हाचा गव्हर्नर गेब्रिएल जॉन्स्टन स्वतः स्कॉटिश. चाळीस किंवा जास्त जणांचा जथा येऊन वसला तर दहा वर्षं कर माफ, असं इथल्या सभेने ठरवलं. तिकडे जमीनदार खंड वाढवत होते, इकडे जमीन मिळत होती. मग गावंच्या गावं निघाली.

आता गंमत बघा. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत याच हायलंडर लोकांची ज्याने कत्तल केली आणि ज्याला ते खाटीक म्हणत, तो ड्यूक ऑफ कंबरलँड, राजाचाच मुलगा. १७५४ मध्ये नवी काउंटी काढताना नाव दिलं ते त्याचंच! हायलंडर लोकांनी आपल्या जमिनीच्या कागदांवर हे नाव कसं लिहिलं असेल, देव जाणे.

वेड गावाजवळचं ओल्ड ब्लफ चर्च नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. चर्चला कुलूप होतं. पण आम्हाला स्मशानभूमीच बघायची होती. रेव्हरंड जेम्स कॅम्बेल यांनी १७५८ च्या सुमारास या भागात तीन मंडळ्या उभ्या केल्या आणि ते हायलंडच्या गेलिक भाषेत प्रवचन करीत. लोकांना इंग्रजी येतच नव्हतं. फेएटव्हिलमध्ये १७९१ साली गेलिक प्रवचनं छापलीसुद्धा गेली.

गवत कापणारा एक म्हातारा मशीन बंद करून आमच्याकडे आला. साडी नेसलेली बाई थडग्यांवरची नावं वहीत उतरवतेय म्हटल्यावर कोण येणार नाही? त्याने स्वतःच्या घराण्याची रांग दाखवली. पणजोबाच्या दगडावर आडनावात एक एल, त्याच्या भावाच्या दगडावर दोन, आणि त्यांच्या बापाच्या दगडावर 'मॅक'मध्ये ए जास्तीचा. सगळे एकाच घरातले. मी त्याला जोशी आणि जोषी सांगितलं. "मग कोणतं बरोबर?" त्याने विचारलं. म्हटलं, ज्याच्या दारात उभे असाल त्याचं.

तो जनगणनेच्या फॉर्मवर काय लिहितो, हे मी लेकीमार्फत विचारलं. "स्कॉच-आयरिश," तो म्हणाला. मी चमकले. हा पक्का हायलंडर वंशाचा, आणि स्कॉच-आयरिश म्हणजे वेगळेच लोक. स्कॉटलंडच्या सखल भागातून आधी आयर्लंडच्या अल्स्टरमध्ये गेलेले आणि मग पेनसिल्व्हेनियातून बैलगाडीच्या वाटेने खाली आलेले. जनगणना दोघांची गणती वेगळी करते. "आजी तसं म्हणायची," त्याने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. म्हणजे माझ्या जांभळ्या नकाशातून एक माणूस तिथल्या तिथे कमी झाला.

पुढे हार्नेट काउंटीत बार्बेक्यू चर्च. हो, चर्चचं नाव खरंच तसं आहे, जवळच्या ओढ्यावरून पडलेलं. पहाटे ओढ्यावरचं धुकं बघून कुणा मॅकनील नावाच्या माणसाला मांस भाजण्याच्या खड्ड्यांवरचा धूर आठवला, अशी कथा सांगतात. दुपारी आम्हीही बार्बेक्यूच्या दुकानात गेलो. राज्याच्या या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजून वर मिरची घातलेल्या व्हिनेगरचं पाणी शिंपडतात. लेकीने खाल्लं. मी शाकाहारी, माझ्यापुढे हश पपीज आले, म्हणजे मक्याच्या पिठाची गोल भजी. कांदा घातलेली, कडेला कुरकुरीत. तीनदा मागवली.

*जाणाऱ्यांसाठी :* ही जुनी चर्चं रविवार सोडून बहुधा बंद असतात, आत जायचं तर आधी फोन करा. गवतात गोचिडी असतात. मोजे पँटवर ओढून घ्या. साडी असेल तर खालून लेगिंग. मी घातली नव्हती, रात्री हॉटेलात पिंडरीवरून दोन काढल्या.

मंगळवार : मूर्स क्रीक, पेंडर काउंटी

दीड तास पूर्वेला. उकाडा असा की गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरली. दलदलीवरून लाकडी वाट काढली आहे, खाली चहाच्या रंगाचं पाणी, झाडांवरून करड्या जटा लोंबताहेत. चिटपाखरू नव्हतं, डास मात्र होते.

२७ फेब्रुवारी १७७६ च्या पहाटे इथे हायलंडर लोक इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढले. याच घराण्याच्या सैन्याने तीस वर्षांपूर्वी त्यांची गावं जाळली होती आणि आता हे त्याच घराण्यासाठी तलवारी उपसून धावले! कारणं शोधली तर अगदी माणसासारखी सापडतात. पुष्कळांनी राजनिष्ठेची शपथ घेतली होती. जमीन राजाच्या नावाने मिळाली होती. आणि एकदा हरलेल्याला पुन्हा हरणाऱ्या बाजूला राहायचं नसतं. राजाचे सोळाशेच्या आसपास होते, समोर राजाविरुद्ध उठलेले हजारएक अमेरिकन बंडखोर. त्यांनी रात्रीतच पुलाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या आणि उरलेल्या तुळयांना साबण आणि चरबी फासली होती. "किंग जॉर्ज अँड ब्रॉडस्वर्ड्स" असं ओरडत पुढची तुकडी तुळयांवर चढली. पलीकडून तोफा आणि बंदुका. काही मिनिटांत सगळं संपलं. हायलंडर तीसच्या आसपास मेले, पुढच्या दिवसांत साडेआठशे पकडले गेले. बंडखोरांचा एकच माणूस गेला.

नव्याने बांधलेल्या पुलावर लेक उभी राहिली आणि मी तिला तुळईची रुंदी पावलांनी मोजायला लावली. एक पाऊल कसंबसं मावतं. गनिमी काव्याच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारखीला त्या साबणाचं कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही.

पकडलेल्यांत ॲलन मॅकडोनाल्ड होता. त्याची बायको फ्लोरा. होय, तीच. कलोडनला हरून पळणाऱ्या, गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्सला दासीचा वेश देऊन होडीतून स्काय बेटावर नेणारी. ती १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात आली, दोन वर्षांत नवरा कैदेत आणि जमीन गेली, शेवटी ती परत स्कॉटलंडलाच गेली. आयुष्यात दोन्ही वेळा हरणारी बाजू वाट्याला आली बिचारीच्या. हरलेल्या हायलंडर लोकांपैकी कितीतरी जण नंतर कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाकडे निघून गेले. नकाशाच्या या कोपऱ्यात आज रंग नाही, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटलं. प्रवेश फुकट आहे. डासांचं औषध विसरू नका, एवढंच.

बुधवार : स्कॉटलंड, रोबेसन आणि मूर

स्कॉटलंड नावाचीच एक काउंटी आहे. १८९९ मध्ये रिचमंड काउंटीतून ती वेगळी काढली. मुख्य गाव लॉरिनबर्ग. रस्त्याला लागल्यावर पाटी दिसली आणि लेकीने करकचून ब्रेक लावला. "आई, उकडलेल्या शेंगा!"

खरंच उकडलेल्या शेंगा. पिकअप गाडीच्या मागे मोठं भांडं, मिठाच्या पाण्यात रटरटणाऱ्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा. कागदी पिशवीतून वाफ येत होती. मी बोनेटवर पिशवी फोडून खायला सुरुवात केली. शेंगवाला बघतच राहिला, कारण इकडे बाहेरून येणाऱ्यांना हा प्रकार झेपत नाही म्हणे. त्याला सांगितलं, आमच्याकडे भाद्रपदात घरोघरी हेच. फक्त तो मीठ आपल्यापेक्षा दुप्पट घालतो. रोख पैसे जवळ ठेवा, कार्ड घेत नाही.

लॉरिनबर्गच्या मुख्य रस्त्यावर भेटवस्तूंचं एक छोटं दुकान आहे. काउंटरवरच्या बाई साठीच्या, काळ्या वर्णाच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. छातीवरच्या पट्टीवर आडनाव 'मॅक'ने सुरू होणारं. मी नकाशा उलगडला. त्यांनी चष्मा चढवून स्वतःची काउंटी शोधली, बोट ठेवलं आणि हसल्या. "यात मी नाही," त्या म्हणाल्या. "आमचं आडनाव स्कॉटिश आहे, कारण ज्यांच्या मालकीचे आम्ही होतो ते स्कॉटिश होते. फॉर्मवर मी आफ्रिकन अमेरिकन लिहिते. रक्तात स्कॉटिशही असेलच, ते कसं आलं ते मला विचारू नका."

मी काहीच बोलले नाही. या भागात गेलिक बोलणारे गुलामही होते, हे वाचलेलं होतं. वाचताना ते मौजेचं वाटलं होतं. बाईंनी मग आपणहून विषय बदलला, माझ्या साडीचं सूत हातात घेऊन बघितलं, आणि इथेही ऑक्टोबरात हायलंड गेम्स भरतात, तेव्हा दुकान चांगलं चालतं, असं सांगितलं.

गाडीत बसल्यावर मास्तरकीचा हिशेब केला. शेकडेवारी काढतात ती काउंटीच्या एकूण माणसांवर. या काउंटीत गोरे निम्म्याहून कमी. म्हणजे एकूण एक गोऱ्याने स्कॉटिश लिहिलं तरी आकडा पन्नाशी गाठणार नाही. शेजारची रोबेसन तर लंबी या मूळनिवासी जमातीचं माहेर, तिथे रंग फिकट असायचाच. पण त्याच रोबेसनमधल्या रेड स्प्रिंग्ज गावात फ्लोरा मॅकडोनाल्डच्या नावाचं मुलींचं कॉलेज होतं, पुढे ते लॉरिनबर्गच्या कॉलेजात विलीन झालं. आम्ही गावातून नुसती चक्कर मारली. टपालपेट्यांवरची नावं मी वाचत होते : मॅक, मॅक, मॅक, लॉकलियर (हे लंबींचं आडनाव), मॅक.

संध्याकाळी मूर काउंटीत शिरलो आणि जमीन बदलली. पांढरी वाळू, त्यावर लाँगलीफ पाइनची उंच सरळ झाडं, सुया हातभर लांब. या झाडांच्या राळेपासून डांबर आणि टर्पेंटाइन काढून जहाजांसाठी पाठवायचं, हा इथल्या हायलंडर वस्तीचा जुना धंदा. ॲबर्डीन नावाच्या गावात माल्कम ब्लू फार्म म्हणून जुनं शेतघर जपलं आहे. माल्कम हे नाव वाचून मी हसले. महाबळेश्वरातली माल्कम पेठ ज्याच्या नावाची तो मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमही स्कॉटिशच. आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आमच्या साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ? तोही. कुठे कुठे म्हणून पोचली होती ही माणसं.

मूर एवढी गडद का, याचं अर्धं उत्तर पाइनहर्स्टला मिळालं. गोल्फ! स्कॉटलंडमधल्या डॉरनॉकहून आलेल्या डोनाल्ड रॉस यांनी इथला प्रसिद्ध नंबर दोनचा कोर्स १९०७ मध्ये आखला आणि १९४८ मध्ये याच गावात त्यांचं निधन झालं. त्या कोर्सांच्या भोवती आज देशभरातून निवृत्त लोक येऊन राहतात. सुखवस्तू, शिकलेले, घराण्याची वंशावळ काढायला वेळ असलेले. न्याहारीच्या टेबलावर भेटलेले ओहायोचे आजोबा डीएनए चाचणीचा कागद फोनमध्ये घेऊनच हिंडत होते. म्हणजे इथला जांभळा रंग थोडा १७४० चा आणि थोडा परवाचा आहे.

गुरुवार : डोंगराकडे

साडेतीन तास गाडी. मधल्या पठारावर पुन्हा एका ठिकाणी जेवलो. इथल्या बार्बेक्यूच्या रश्श्यात टोमॅटो पडतो आणि त्यावरून पूर्व-पश्चिमेत आपल्याकडच्या मिसळीसारखं हमरीतुमरीवर भांडण आहे. चढ लागला तशी काचेवर धुकं. मॅकरे मेडोज हे कुरण ग्रँडफादर डोंगराच्या पायथ्याशी, उंची जवळपास महाबळेश्वराएवढी. काल अंगाला चिकटणारी साडी, आज शालीशिवाय बसवेना.

१९५६ पासून इथे हायलंड गेम्स भरतात. गुरुवारी संध्याकाळी धावपटू लिनव्हिलमधून निघून पाच मैल चढून शिखराकडे पळतात. या शर्यतीचं नाव 'द बेअर', चढ दीड हजार फुटांहून जास्त. अंधार पडल्यावर मशाली. एकेका क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, माणूस पुढे येतो आणि आपलं कूळ आल्याची ललकारी देतो. मग सगळ्या मशाली मिळून मैदानात सेंट अँड्र्यूचा फुलीसारखा क्रॉस उभा राहतो. धुक्यात ज्योती पिवळ्या गोळ्यांसारख्या दिसत होत्या. बॅगपाइप वाजायला लागले आणि लेकीने माझा हात धरला. जेजुरीची आठवण झाली, पण मोठ्याने म्हटलं नाही.

पाऊस आला आणि परतीच्या बसला पाऊण तास रांग लागली. मैदानाजवळ गाड्यांना जागा थोडी, बहुतेकांना आसपासच्या गावांतून बसने यावं लागतं. छत्रीऐवजी रेनकोट आणा, रांगेत छत्र्या डोळ्यांत जातात. खोली सहा महिने आधी घ्या. आम्ही उशीर केला आणि तासाभरावर राहिलो.

शुक्रवार : गेम्स

सकाळी मी चौकडीची साडी नेसले. हिरवी, लाल चौकटीची, इचलकरंजीची, धुवून धुवून मऊ झालेली. फाटकातून आत जाते न जाते तोच किल्ट, म्हणजे आपल्या कुळाच्या चौकडीचा निऱ्यांचा घागरा, घातलेल्या एका आडदांड गृहस्थाने वाकून विचारलं, "मॅडम, तुमचा क्लॅन कुठला?"

लेक हसून हसून खाली बसायची बाकी होती. "सातारा," मी म्हटलं. त्यांनी अगदी गंभीरपणे मान हलवली. मग दहा मिनिटं आमची निऱ्यांवर चर्चा. किल्टच्या निऱ्या मागे असतात, चौकडीची ओळ मोडू न देता घालायच्या. मी त्यांना नऊवारीचा काष्टा कसा घालतात ते हातवारे करून दाखवलं. त्यांच्या पत्नीने ते फोनवर चित्रित करून घेतलं.

मैदानाभोवती कुळांचे तंबू, शंभराच्या वर. प्रत्येकात टेबल, वंशावळीच्या फायली, ताटलीत शॉर्टब्रेड, म्हणजे आपली नानकटाईची थोरली बहीण. मधोमध केबर फेक : विजेच्या खांबाएवढा ओंडका उभा उचलायचा, पळायचं, आणि असा भिरकवायचा की तो पूर्ण उलटून सरळ बारा वाजल्याच्या दिशेत पडावा. किती लांब गेला याला किंमत नाही. हे मला फार आवडलं. शाकाहारींनी डबा आणावा हे उत्तम. मी बटाट्यांवर दिवस काढला.

दुपारी मी एक उद्योग केला. गाड्यांच्या तळावर जाऊन नंबरपाट्या मोजल्या. पहिल्या साठांत नॉर्थ कॅरोलायनाच्या बावीस. बाकी जॉर्जिया, फ्लोरिडा, टेनेसी, ओहायो, एक तर कॅनडाची. ही ॲव्हरी काउंटी, १९११ मध्ये तयार झालेली, राज्यातली शंभरावी आणि शेवटची. इथल्याच एका पोराला, जो बसमध्ये लोक चढवत होता, मी विचारलं की तुझं कूळ कोणतं. "आमचे इथलेच," तो म्हणाला. "फॉर्मवर आम्ही अमेरिकन लिहितो." २००० च्या जनगणनेत देशभरात दोन कोटींहून अधिक लोकांनी मूळ म्हणून 'अमेरिकन' लिहिलं होतं, आणि अपलाचियन डोंगरात असं लिहिणारे फार. त्यांच्यात स्कॉटिश किती बुडाले आहेत, तो रंग नकाशात येणार कुठून? बसवाल्या पोराचं आडनाव मी नंतर त्याच्या बिल्ल्यावर वाचलं. कॅम्बेल.

शनिवारी सरळ घरी. वाटेत लेकीने विचारलं की शाळेत असा नकाशा मुलांकडून काढून घेशील का. म्हटलं घेईन, पण आधी फॉर्म भरून घेईन.

केरीची वेक काउंटी माझ्या कागदावर फिकट आहे. डोकी मोजली तर मात्र ती वरच्या रांगेत जाईल, माणसंच अकरा लाखांवर आहेत. संध्याकाळी पाइनचं भलंमोठं बोंड गॅलरीत ठेवत होते, तेव्हा शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले. पाच वर्षांचा शेजार, त्यांच्या टपालपेटीवर मॅकनील लिहिलेलं. लेकीच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांकडचे हार्नेटचे, ते म्हणाले, बार्बेक्यू चर्चच्या जवळचेच. "पण मी फॉर्मवर पोलिश लिहितो. आईची आई पोलिश होती, पिएरोगी तिने शिकवले." आणि कुंपणावरून टोमॅटोची पिशवी पुढे केली. उद्या त्यांना पुरणाच्या करंज्या देणार आहे, पिएरोगी काय असतं ते बघायचंय.